मंगळावरच्या ड्रायव्हरचा बाप

भर दुपारी, डोकं तापवणाऱ्या उन्हात, हा माणूस आभाळाकडे बोट करायचा. "आज तिकडं काय झालं, माहीत हाये का तुमाले?" तिकडं म्हणजे मंगळावर. आपण नाही म्हणायचं. हो म्हटलं तरी तो सांगायचाच. माझ्या हातात भाजीची पिशवी, कोथिंबीर सुकून चाललेली, आणि हा मला फाटकाशी अडवून सांगतोय की तिकडच्या सहा चाकांच्या गाडीनं आज एका दगडाला भोक पाडलं. अरे, पाडलं तर पाडलं!

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची रीत आहे. मला ती जमणार नाही, आधीच सांगून ठेवते. तुमच्या गल्लीत असा एखादा असेल तर तुम्हाला माझा राग कळेल. नसेल तर तुम्ही नशीबवान.

भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये हा मीटर दुरुस्त करणाऱ्या खात्यात फोरमन होता. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तसा नवराबायको आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. थोड्याच दिवसांत सगळे त्याला 'साइंटिस्ट साहब' म्हणायला लागले. बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी, सगळे. म्हणायला कोणाचं काय जातं? त्याला मात्र ते चढलं.

झेंडावंदन असो की कोणाचं बारसं, याचं भाषण ठरलेलं. मंगळाभोवती फिरणारी यानं वरून फोटो कसे काढतात, खालच्या गाडीला हुकूम पाठवला तर तो पोचायलाच मिनिटंच्या मिनिटं कशी जातात, म्हणून दिवसभराचं काम सकाळीच कसं सांगून ठेवावं लागतं. पाळण्यात बाळ रडून राहिलंय, आई ताटकळलीये, आणि हा अजून तिथल्या धुळीतच. शेवटी जरा थांबायचा, चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "माझा मुलगाच ती गाडी चालवते ना. अमेरिकेत बसून."

टाळ्या! टाळ्या वाजणारच. आमच्या भिलाईत पोट्टा चालायला लागला की लोक आयआयटीच्या कोचिंगची चौकशी करतात. सिविक सेंटरच्या बाजारात जा, पास झालेल्या पोरांचे फोटो भिंतभर लावलेले दिसतील. कोणाचा मुलगा कुठे आहे यावरून बापाला खुर्ची पुढे मिळते की मागे, हे ठरतं. याला नेहमी पुढची मिळायची.

मीही टाळ्या वाजवल्या आहेत. मग एका रविवारी भिलाईला लागूनच असलेल्या जामुलला नणंदेकडे गेले. परत येताना बसथांब्यावर पाहते तर काय, साइंटिस्ट साहेबांची बायको बाकावर बसलेली. मांडीवर डबा, आणि शेजारी एक पंचविशीतला मुलगा घाईघाईनं वांग्याची भाजी खाऊन राहिला. पायात खाणीतले जाड बूट, केसांत पांढरी धूळ. नाक थेट बापाचं. विचारायची गरजच नव्हती.

तिनं मला पाहिलं आणि डब्याचं झाकण तिच्या हातातून पडलं. "वैनी, कोणाले सांगू नोका," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

पोरगा उठून उभा राहिला, माझ्या पाया पडला. "मावशी, मी अहिवाऱ्याकडं डंपर चालवतो. चुन्याच्या दगडाच्या खाणीत." सरळ सांगितलं त्यानं. लाजबीज काही नाही.

मग बाईनं सगळं सांगितलं. पोरगा दोनदा त्या आयआयटीच्या परीक्षेत नापास झाला होता. बापानं बोलणं टाकलं. पोरानं डंपरचं लायसन काढलं, खाणीत लागला, कोणाकडे हात पसरला नाही. इथपर्यंत ठीक; बाप रुसतात. पण नव्या कॉलनीत आल्यावर कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर या महाशयांच्या तोंडून निघालं, गाडी चालवते. कुठे? तर मंगळावर. एकदा निघालं ते निघालं. आता अमेरिकेतला मुलगा अहिवाऱ्याहून दर सुटीला घरी कसा येणार? म्हणून त्याला घर बंद. आणि आईनं देवळात जाते असं शेजारीपाजारी सांगायचं, ऑटो करून जामुलला यायचं, आणि पोटच्या पोराला बसथांब्यावर जेवू घालायचं.

माझं डोकं फिरलं. "तुमी कावून ऐकता त्याचं?" मी विचारलं.

"त्याची मान खाली गेली तर तो जगत नाही वो, वैनी."

त्यानंतर हा आभाळाकडे बोट करायला लागला की माझ्या अंगाची आग व्हायची. बाईला शब्द दिला होता म्हणून गप्प. एकदा फाटकाशी म्हणाला, "काल मुलगा सांगत होता, धुळीनं समोरचं काही दिसून नाही राहिलं. चाकात गोटा अडकला, तासभर गाडी जागची हलली नाही." मी चमकले. बाईला विचारलं. ती म्हणाली, "पोरगा रोज फोन करते. हा बोलत नाही. पण मी फोन स्पीकरवर ठेवते, आणि हा दाराआड उभा राहून ऐकते." म्हणजे पोराचा घामही यानं सोडला नाही! अहिवाऱ्याचा गोटा नेऊन मंगळावर ठेवला.

आता कळस ऐका. तिकडे मोठं धुळीचं वादळ झालं. आधीची एक गाडी होती, उन्हावर चालणारी. तिच्यावर धूळ बसली, बॅटरी संपली, आणि ती काही पुन्हा बोलली नाही. यानं काय करावं? कॉलनीच्या बागेत शोकसभा घेतली! गाडीचा मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, उदबत्ती. आम्हा सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. यंत्रासाठी! मग भाषण. "एकटी होती बिचारी, इतकी वर्षं काम केलं, कोणी जवळ नव्हतं," असं म्हणत चक्क रडला.

बायको सभेला नव्हती. "तिची तब्येत बरी नाही," म्हणाला. ती जामुलच्या दवाखान्यात पोराजवळ होती. दोन दिवसांपूर्वी खाणीच्या उतारावरून डंपर घसरला होता आणि पोराचा पाय प्लास्टरमध्ये होता.

हे मी माझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अगं, तो पोरासाठीच रडला असेल. असेल. मीही त्याचे डोळे पाहिले होते, खोटे नव्हते. पण मग जायचं ना बसनं! जामुल काय मंगळावर आहे? झेंडूचा हार घ्यायला सिविक सेंटरपर्यंत जाता येतं आणि पोराला पाहायला जामुलपर्यंत जाता येत नाही? असल्या रडण्याला मी काय चाटू?

पोराचा पाय जुळला, थोडा लंगडत राहिला. तो पुन्हा डंपरवर चढला. आणि एका सकाळी चहा पिता पिता साइंटिस्ट साहेब खुर्चीतच गेले. छातीत कळ आली, संपलं.

आमच्या कॉलनीत कोणी गेलं की पहिल्यांदा विमानाची चौकशी होते. सगळ्यांची पोरं बाहेर. तोवर बॉडी बर्फावर ठेवायची. लोक सवयीनं कामाला लागले. कोणी रायपूर विमानतळावर गाडी पाठवायचं बोलून राहिला, कोणी अमेरिकेहून किती तास लागतात त्याचा हिशेब करून राहिला. बर्फाचा ऑटो आला. बाई भिंतीला टेकून बसली होती.

तेवढ्यात फाटकात पोरगा आला. आईचा फोन गेला होता, खाणीतून तसाच निघाला होता. अंगावर कामाचे कपडे, धुळीनं भरलेले. कॉलनीत त्याला कोण ओळखणार? एका शेजाऱ्यानं त्याला ऑटोवाल्याचा माणूस समजून हाक मारली, "ए भैया, खड़ा क्या है? बर्फ उठा. जूते बाहर उतार."

पोरानं बूट काढले. बर्फाची लादी खांद्यावर घेतली, लंगडत आत आला आणि बापाच्या शेजारी ठेवली. मग दुसरी आणली. मी सगळं सांगून टाकायला उठले, तर त्यानं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको, मावशी.

फोन कानाला लावलेल्या एका गृहस्थांनी बाईला विचारलं, "भाभीजी, बेटा कब तक पहुँचेगा?"

बाईच्या आधी पोरगाच बोलला. "परसों तक आ जाएंगे, अंकल."

सांगा मला! ज्यानं घराचं दार लावलं, त्याची लाज हा राखून राहिला, आणि त्यासाठी स्वतःच्या हातानं बापाला अग्नी देणंही सोडून राहिला. त्या एका क्षणी मेलेल्या माणसाचा मला इतका संताप आला की मी त्याच्याकडे पाठ फिरवली.

बाई उठली. पोराचे गारठलेले हात तिनं पदरात धरले, पुसले. आणि सगळ्या कॉलनीसमोर, मोठ्यानं, मराठीतच म्हणाली, "कोणाची वाट पाहून राहिले तुमी? माझा पोट्टा आला हाये. हा काय, बर्फ वाहून राहिला तो. अहिवाऱ्याले डंपर चालवते."

फोनवाल्यानं फोन खाली घेतला. ज्यानं बूट काढायला लावले होते तो खाली पाहायला लागला.

पोरगा बापाच्या उशाशी बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्याच्याच घरात, त्याला बाबा म्हणाला.