पुलावर वाजणारे वाटाणे

डेल्बर्ट स्टकी सदुसष्टाव्या वर्षी गाडी विकत घेईल, तीही स्वतःच्या लग्नाच्या आधीची, असं त्याच्या बायकोला कधी वाटलं नव्हतं. "या वयात लोक गुडघे नवे घेतात," नोरीन मला कुंपणापलीकडून म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याने गाडी घेतली. आणि तीसुद्धा नवी नाही!"

गाडी म्हणजे एकोणसत्तर सालची हिरवी पॉन्टियॅक. दोन लांबलचक दारं, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि बॉनेटच्या वर, काचेच्या बाहेर, इंजिनचे फेरे दाखवणारा काटा. गावात ती सगळ्यांच्या ओळखीची होती. ल्यूथर हॅफनरची गाडी. ल्यूथर धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याने ती कोरी घेतली आणि बावन्न वर्षं चालवली. तो गेल्यावर ती दोन वर्षं चादरीखाली पडून होती. तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, एक तर पार शिकागोहून. ल्यूथरच्या बायकोने तिघांनाही कॉफी पाजली आणि परत पाठवलं.

ल्यूथरची बायको म्हणजे ऑगस्टाबाई. वय त्र्याऐंशी. गावच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं तिसरीला शिकवलं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं, डेल्बर्टसुद्धा. तो अजून त्यांना बाईच म्हणतो आणि त्यांच्यासमोर टोपी काढतो.

"त्या तिघांनी चाकं पाहिली, रंग पाहिला, नंबर जुळतात का ते पाहिलं," बाई त्याला म्हणाल्या. "एकानेही डोळे मिटून इंजिन ऐकलं नाही. तू शाळेच्या बसगाड्या अडतीस वर्षं कानाने दुरुस्त केल्यास. ही गाडी मी तुझ्या कानांना देतेय, डेल्बर्ट. आणि मेमोरियल डेला मला हिच्यातून ल्यूथरकडे न्यायचं. फुलं घेऊन. दर वर्षी तो मला त्याच्या आईकडे न्यायचा तसं."

कानांची गोष्ट खरी होती. मी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं काढली, बसचं गॅरेज आमच्या मागच्या दाराशीच. सकाळी बस फाटकातून आत वळली की डेल्बर्ट आतूनच ओरडायचा, "सात नंबरचा पट्टा सैल झालाय!" मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचा, मूठ कानाला लावायचा आणि डॉक्टरसारखा उभा राहायचा. आम्ही बायका हातातलं काम थांबवून बघत असू.

पण बाईंना एक माहीत नव्हतं. ते कान आता उरले नव्हते. अडतीस वर्षं हवेच्या पंपाशेजारी आणि हातोड्यांच्या आवाजात काढल्यावर काय उरणार? त्याच्या घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या मला माझ्या अंगणात ऐकू यायच्या. नोरीनला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं. फक्त त्याचं नाव काढायचं नाही असा त्याने कायदा केला होता.

"बाईंना एक शब्द बोललीस तर बघ," तो नोरीनला म्हणाला. "त्यांनी कानांना गाडी दिलीय. कानच नाहीत म्हटल्यावर त्यांना तोंड काय दाखवू?"

"तोंड दाखव की. ते तर आहे अजून," नोरीन म्हणाली.

गाडी घरी आली तो एप्रिलचा शेवट होता. मी तिच्या बॉनेटच्या कोपऱ्यावर कुंकवाचं एक बोट लावलं, हात जोडले. डेल्बर्ट ल्यूथरन पंथाचा ख्रिस्ती, पण त्याने ते पुसलं नाही. पुढे गाडी धुतानाही तो त्या टिकल्याच्या कडेकडेने फडका फिरवायचा.

मग त्यांची ओळख सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात नोरीन पेट्रोल भरायला एकटी गेली आणि पेट्रोलचं झाकण शोधत गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालून आली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. मागे रांग लागलेली. शेवटी रांगेतल्या एका म्हाताऱ्याने उतरून मागची नंबराची पाटी खाली ओढली. झाकण पाटीच्या मागे! "घरचा माणूस सांगत नाही आणि परका सांगतो," ती आल्या आल्या कडाडली. डेल्बर्टला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण तो पोट धरून हसला.

दिव्यांचा झोत वर करायचं बटण जमिनीवर, डाव्या पायाखाली. पहिले काही दिवस त्याचा पाय भलतीकडेच चाचपडायचा. सीट ल्यूथरच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली. डेल्बर्ट बुटका, त्याने ती पुढे ओढायला हवी होती. पण पंधरा दिवस तो उशी पाठीशी घेऊन बसला. "लगेच हलवायला बरं वाटत नाही," म्हणाला. सुरू करायचीही रीत होती. थंड असताना पेडल दोनदा दाबायचं, पाय काढून घ्यायचा, मग किल्ली. तिसऱ्यांदा दाबलं की पेट्रोलचा वास सुटायचा आणि गाडी अर्धा तास रुसून बसायची. हे सगळं तो शिकला. इतका आनंदात मी त्याला निवृत्तीनंतर पाहिला नव्हता.

आणि तिथेच त्याने एक चूक केली. बसच्या गॅरेजमध्ये असल्यापासून डेल्बर्टची पुस्तकावर फार श्रद्धा. कंपनीने छापलंय ते खरं. त्याने टपालाने जुनं छापील पुस्तक मागवलं आणि गाडीतला एकेक आकडा त्याच्याशी ताडून पाहिला. सिलिंडरमध्ये ठिणगी केव्हा पडायची तो आकडा जुळेना. ल्यूथरने तो बराच मागे आणून ठेवला होता आणि तिथे इंजिनवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती.

"ल्यूथर माणूस चांगला," डेल्बर्ट मला म्हणाला, "पण धान्य मोजणारा. त्याला यातलं काय कळणार?" त्याने बोल्ट सैल केला, ठिणगी वाटून देणारा भाग रेघेवरून फिरवून पुस्तकाच्या आकड्यावर आणला आणि पुन्हा आवळला. गाडी एकदम तरतरीत झाली. पेडलला नुसता पाय लागला की उसळायची. "आता बघ," तो म्हणाला. "आता ती तरुणपणी होती तशी झाली."

मेमोरियल डे म्हणजे मे अखेरीचा, गेलेल्यांच्या कबरींवर फुलं वाहायचा दिवस. त्या सकाळी बाई पायऱ्यांवर तयार बसल्या होत्या. शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेल्या कॉफीच्या पत्र्याच्या डब्यांत पिओनीची फुलं, गुलाबी आणि पांढरी. डबे धरायला कुणीतरी हवं म्हणून मला मागे बसवलं. नोरीन दुपारच्या जेवणासाठी बटाट्याचं सॅलड करत घरी राहिली. बाई पुढे, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या आणि दाराच्या मुठीवर त्यांचा हात आपोआप गेला.

आमचा भाग ताटासारखा सपाट. मैलोगणती मका आणि सोयाबीन. चढ म्हणजे एकच, रेल्वेवरचा पूल, आणि कबरस्तान त्याच्या पलीकडे. डेल्बर्टने पुलाच्या पायथ्याशी पेडल दाबलं. गाडी उसळली, आणि त्याच क्षणी मला पुढून कुठूनतरी आवाज आला. पत्र्याच्या डब्यात सुके वाटाणे घालून हलवावेत तसा. पूल उतरताना थांबला.

"हा कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"कुठला?"

"वाटाण्यांसारखा. चढावर."

"जुनी गाडी आहे, बाई. थोडं खुडखुडणारच."

"डेल्बर्ट, मी या सीटवर बावन्न वर्षं बसलेय. ही असं खुडखुडत नाही."

"बाई, मी मेकॅनिक आहे," तो म्हणाला, जरा जोरातच. बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. माझ्या हातातल्या डब्यातलं पाणी माझ्या मांडीवर सांडलं, तरी मी हलले नाही.

कबरस्तानात सगळीकडे छोटे झेंडे लागले होते. बाईंनी ल्यूथरच्या दगडावरची माती हातरुमालाने पुसली, डबे दोन्ही बाजूंना ठेवले आणि म्हणाल्या, "गाडी आणलीय हं." इतकंच. मीही मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. डेल्बर्ट लांब, टोपी हातात धरून उभा होता. मला वाटलं, आपण बोलावं का? पण त्याचा कायदा आठवला आणि मी गप्प राहिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

परतताना पूल दिसू लागला तसं बाई मागे वळल्या. "मंदा, तू सांग. जाताना तुला आवाज आला की नाही?"

आरशात डेल्बर्टचे डोळे माझ्याकडे लागले होते. तो हो म्हण की नाही म्हण, यातलं काहीच सांगत नव्हता. नुसता घाबरला होता.

"आला," मी म्हटलं. "स्पष्ट आला."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग विचारू लागला, पण आता आवाज निराळा होता, गॅरेजातला. "फक्त चढावर? पेडल सोडलं की थांबतो? की हळूहळू कमी होतो?"

"सोडल्याबरोबर थांबतो," बाई म्हणाल्या.

त्याने डोळे मिटले. "ठोकतंय. इंजिन आतून ठोकतंय. ते पुस्तक छापलं तेव्हाचं पेट्रोल निराळं होतं. आताचं तो आकडा सोसत नाही, लवकर पेट घेतं. ल्यूथरला ते कळलं होतं म्हणून त्याने मागे आणलं. आणि मी, मी मेकॅनिक..." तो थांबला. "हे असंच उन्हाळाभर चालवलं असतं तर पिस्टनला भोकं पडली असती. आणि मला कळलंही नसतं. बाई, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. बारीक आवाज तर मुळीच नाही. तुम्ही गाडी ज्यांना दिलीत ते कान नाहीत माझ्याकडे. न्या परत."

बाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, कागद सोडवला आणि त्याच्या हातावर ठेवली.

"तिसरीत एक मुलगी होती," त्या म्हणाल्या, मोठ्याने, त्याच्याकडे तोंड करून. "तिला फळा दिसत नव्हता. अर्धं वर्ष तिने कुणाला सांगितलं नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवत राहिली. सांगितल्यावर मी काय केलं? घरी पाठवली? पहिल्या बाकावर बसवली. उतर आता. तुझी ती अवजारं कुठे आहेत?"

"डिकीत."

"मग बघतोस काय माझ्याकडे? बॉनेट उघड!"

त्या दिवशी पुलावरून आम्ही सहा वेळा गेलो. तो बोल्ट सैल करायचा, केसभर मागे फिरवायचा, आवळायचा, आणि पुलावर गाडी घालायचा. बाई डोळे मिटून बसायच्या. "वाटाणे." पुन्हा खाली. "थोडे वाटाणे." पुन्हा. पाचव्या वेळेला त्यांनी बोट वर केलं, वर्गात गप्प करायच्या तसं. "नाहीत. मंदा?" मलाही नाही आला. सहाव्यांदा गेलो ते खात्रीसाठी. खाली उतरून डेल्बर्टने बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मी जवळ गेले. तो भाग ल्यूथरच्या पांढऱ्या रेघेवर येऊन थांबला होता.

"धान्य मोजणारा," डेल्बर्ट म्हणाला. त्याने टोपी काढली. आजूबाजूला कबर नव्हती, नुसतं मक्याचं शेत होतं.

जेवायला पोचायला आम्हाला फार उशीर झाला. नोरीन दारातच उभी. "सॅलड वाळून गेलं! कुठे होतात?"

"पुलावर," तो म्हणाला. "नोरीन, त्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर कुठे ठेवलायस?"

तिने फ्रिजवरच्या चुंबकाखालून कागद काढून दिला. तीन वर्षं तो तिथेच होता.

आता त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. पहिल्या दिवशी त्याने आपलीच गाडी अंगणात सुरू केली आणि दचकला. "केवढी ओरडते ही!" नोरीन म्हणाली, "ती नाही, तूच ओरडत होतास इतकी वर्षं." टीव्ही आता माझ्या अंगणात येत नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते, आणि दुसऱ्या एका गोष्टीबद्दल जास्त मानते. त्या दिवशी मी खरं बोलले, पण बोलायला मला बाईंनी विचारावं लागलं. त्यांनी विचारलं म्हणून बरं झालं.

यंत्रं आली तरी दर गुरुवारी दुपारी तो बाईंना घेऊन पुलावरून एक चक्कर मारतो. नोरीनने त्याला विचारलं, आता ऐकू येतं ना, मग कशाला?

"यंत्रं मला सगळं ऐकवतात," तो म्हणाला. "वाटाणे कुठले, ते बाईंनाच कळतं."

मागच्या गुरुवारी ते निघाले तेव्हा मी खिडकीत होते. पेडल दोनदा, मग पाय काढला, मग किल्ली. सीट त्याने आता पुढे घेतलीय. बाईंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला, त्याने टोपी नीट केली, आणि गाडी पुलाच्या दिशेने गेली. चढ लागल्यावर तिचा आवाज भरून आला, सलग, एकसारखा. मी शेवटपर्यंत ऐकत राहिले.