विक्टर पावलोविच लालबागला जेवले

मॉस्को सोडताना बर्फ भुरभुरत होता. विक्टर पावलोविच विमानात शेजारची खुर्चीही विकत घेतात, कारण त्यांना बाजूला माणूस चालत नाही. मी त्यांचा दुभाष्या, म्हणून मागे. मूळचा मी लालबागचा. संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मी शिष्यवृत्तीवर रशियात शिकायला गेलो तो तिकडचाच झालो. आता साहेबांना परळची तीच गिरणी विकत घ्यायची होती, जागेसाठी. बाबांना मी एवढंच कळवलं होतं, की कामासाठी येतोय.

सकाळी साहेबांना समुद्र बघायचा होता, म्हणून वरळी कोळीवाड्यात गेलो. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. साहेब थबकले आणि डोळे मिटून वास घेत राहिले. टोपलीमागची कोळीण हसली. "काय रे शेट, नुसत्या वासानं पोट भरतं काय?"

मी भाषांतर केलं. "माझ्या आईच्या गॅलरीत असाच वास यायचा," ते म्हणाले.

मग गाडीत ते आपणहून बोलायला लागले. नवलच! इतक्या वर्षांत माझ्याशी कामापलीकडे शब्द नाही. आई व्होल्गाकाठच्या कापडगिरणीत विणकरीण. सोव्हिएत राज्य कोसळलं तेव्हा यांनी बाजारात उभं राहून जीन्स विकल्या, मग साखर, मग पेट्रोल. सरकारने कारखान्यांचे हिस्से कामगारांना वाटले होते. पगार थकलेली माणसं हिश्श्यांचे ते कागद पिठाच्या पोत्याच्या बदल्यात देऊन टाकत. यांनी ते गोळा केले. पहिला कारखाना हाती आला तो आईचाच.

"चालवलात?"

"जेमतेम एक हिवाळा. मग यंत्रं भंगारात काढली."

"आणि आई?"

"आई माझ्याशी पुन्हा तोंडाने बोलली नाही. जेव, झोप, दार लाव, सगळं हाताने. मरेपर्यंत."

त्यांनी दोन बोटं हवेत कात्रीसारखी मिटली. धागा तुटला! मी चाटच पडलो. साचेखात्यात (मागांच्या विभागात) इतका खडखडाट असतो, की विणकर हातांनीच बोलतात. बाबांचे कान त्यातच गेले. ही खूण तर आमच्या घरातली.

परळला रखवालदाराने कुलूप काढलं. साचे केव्हाच गेले होते. फरशीतल्या बोल्टच्या भोकांत पाणी साचलं होतं. बरोबरचा दलाल मजले, पार्किंग असं काहीबाही सांगत होता. साहेबांनी त्याला हाताने गप्प केलं आणि मला म्हणाले, "भूक लागली. हॉटेल नको. तुझं घर इथंच ना?"

 नाही कसं म्हणणार?

आई गेल्यापासून बाबा एकटेच रांधतात. गिरणी बघून आलो, एवढंच मी त्यांना खुणेने सांगितलं. त्यांनी बोंबलाचं तिखलं (आंबट-तिखट कालवण) आणि भात वाढला. बाबांच्या बाहीचा लोंबणारा दोरा ताटात जाईल म्हणून साहेबांनी सहज धागा तुटल्याची खूण करत तो दाखवला. बाबा बघतच राहिले. त्यांनीही खुणेनेच विचारलं, कुठं शिकलास? साहेबांनी हातांनीच उत्तर दिलं, आई साच्यावर होती. झालं! बाबांचा आवाज साचेखात्यातला, सगळी चाळ ऐकते.

"अरे, ह्यो आपलोच मानूस! साच्यावरच्या बाईचो झिल (मुलगा)! गिरण चालू करूक इलो हा! कधी चालू होतली, इचार तेका!"

गॅलरीत माणसं जमली. शेजारचे परबकाका तर बनियनवरच धावत आले. "खरं काय रे?" मला म्हणाले. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मी प्रश्न रशियनमध्ये सांगितला.

साहेबांनी घास खाली ठेवला. तळहात पालथा केला आणि हळूच खाली दाबला. साचा बंद. त्याला दुभाष्या लागत नाही. परबकाका चपला सरकवत निघून गेले, गॅलरी रिकामी झाली.

आता बाबा ताट ओढून घेणार, असं मला वाटलं. त्यांनी आणखी एक पळी तिखलं वाढलं. "जेव बाबा. अन्न टाकूचा नसता." मग दोन बोटं ओठांकडे नेऊन तळहात दाराकडे उघडला. साहेबांना ही खूण येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. हो, केलीच.

परतीच्या विमानात ते मागे वळले. "तुझ्या वडिलांनी शेवटी काय विचारलं?"

मी सांगितलं. साच्यावरची बरीच माणसं बायकापोरं कोकणात ठेवून एकटी राहायची. पाळी (कामाची वेळ) सुटताना ओळखीपाळखीच्याला ती खूण करायची रीत होती. घरी वाढायला कोण आहे? कुणी नसेल, तर आमच्याकडे ये.

 साहेबांनी शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलली आणि मला बोलावलं. मी जाऊन बसलो. ताटं आली. त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही, आणि मीही माझं ताट तसंच ठेवलं. निघताना बाबांनी गॅलरीतून मलाही तीच खूण केली होती. मी नुसता हात हलवला आणि टॅक्सीत बसलो.