चिखलिणीचं मीठ

कुलूपवाल्याला धंद्यानं एक खोड लावली होती. बंद दार दिसलं की ते कोण उघडेल, हेच आधी त्याच्या मनात येई.

दर रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आतल्या खोलीत त्याचा खेळ रंगायचा. प्रत्येकानं गोष्टीतलं एकेक सोंग घ्यायचं, फासे टाकायचे. वाटा, राक्षस, संकटं सगळी कुलूपवाल्यानं सांगायची. या खेळाचा एक कोश इंटरनेटवर होता, ज्याला वाटेल त्यानं लिहावं असा. त्यातली राक्षसांची कितीतरी पानं कुलूपवाल्यानं, किल्ली घासावी तशी, घासूनपुसून लिहिली होती. दुसऱ्या कुणी मनाचं ठोकून दिलं की तो ते खोडायचा आणि खाली विचारायचा, "आधार कुठला?" टेबलाचा नियम एकच: खेळणाऱ्यांनी ती पानं वाचायची नाहीत.

तरी त्याचा मेहुणा, पेशानं न्हावी, प्रत्येक राक्षसाचं वर्म पहिल्याच फटक्यात काढू लागला.

"नशीब, दाजी," मेहुणा हसायचा.

"नशीब असं लागोपाठ येत नाही." नियम मोडणाऱ्याची खुर्ची उचलेन, असं कुलूपवाल्यानं सगळ्यांदेखत बजावलं. बायको आपल्या भावापायी महिनाभर बोलली नाही तरी चालेल, हेही मनाशी ठरवलं. मेहुण्याचा फोन नुसता वाजला तरी याचे कान टवकारायचे.

मग जन्मात केलं नव्हतं ते त्यानं केलं. दलदलीत राहणाऱ्या चिखलीण नावाच्या राक्षसिणीच्या पानावर एक ओळ घुसडली: ती मिठाला भिते. सपशेल खोटं.

रविवारी चिखलीण वर आली. कुलूपवाला मेहुण्याच्या ओठांकडे टक लावून बसला. मेहुण्यानं साधी तलवार उपसली.

"थांबा," कुलूपवाल्याची धाकटी बहीण म्हणाली. ती नर्स, दर रविवारी खेळणाऱ्यांतलीच, आज ड्यूटी संपवून तशीच आलेली. "माझ्या झोळीत मीठ आहे. तिच्या अंगावर टाकते."

कुलूपवाल्यानं मेहुण्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली.

"तू वाचतेस?"

"वाचते, दादा. माझ्याशी तू हं आणि हो यापलीकडे बोलत नाहीस. तिथं भरभरून बोलतोस. आजवर कधी वापरलं नाही. आज सगळेच बुडायला लागले म्हणून बोलले."

"मग याला वर्म कसं कळतं?"

"मी दिवसभर आरशात माणसांचे चेहरेच बघतो ना," मेहुणा म्हणाला. "राक्षस आगीला भिणारा असला की तुमची नजर आमच्या मशालीवर जाते, ती हलतच नाही."

कुलूपवाला बहिणीला म्हणाला, "मिठानं काही होत नाही. मी खोटं लिहिलं होतं."

"तू लिहिलंस म्हणूनच विश्वास ठेवला," बहीण म्हणाली. "आता कुणाची खुर्ची उचलायची ते बघ."

त्यानं सगळ्यांसमोर फोन काढला, ओळ खोडली आणि खाली कारण लिहिलं: "आधार नाही. मीच मुद्दाम खोटं लिहिलं." आता त्याच्या प्रत्येक पानावर कुणीही आधार विचारू शकत होतं.

फासे त्यानं बहिणीपुढे सरकवले. "चिखल कमरेपर्यंत आलाय. टाक."

नजर मात्र त्यानं हट्टानं छताला लावून ठेवली. समोर मेहुणा बसला होता.