अण्णांची चाल

मंडळी, आज दुपारपासून हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

मी परळीत घरी बसून गेम इंजिनमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटी ॲनिमेशन फिल्म करतेय. त्यातल्या एका सीनमध्ये मेकॅनिक काम संपवून घरी येतो. ते पात्र मी माझ्या वडिलांवरून केलंय. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली. चेहरा जमला होता, पण चाल काही केल्या जमेना.

आज आईला स्क्रीनवर दाखवलं. ती म्हणाली, "आसं न्हाई गं. ते उजवा खांदा पाडून चालायचे." आणि उठून चुलीपासून खिडकीपर्यंत चक्क अण्णांसारखी चालून आली. मी मोबाइलवर शूट केलं, त्यावरून पात्राच्या हालचाली बसवल्या आणि सीन पुन्हा लावला.

"लई घाई करतीस. दमून यायचे ते. हळू येऊ दे."

मी वेग कमी केला. अण्णा हळूहळू दारापर्यंत आले आणि सीन संपला.

आई स्क्रीनकडंच बघत होती. "आत येत न्हाईत का?"

घराचा आतला भाग मी बनवलाच नव्हता. आता तोच बनवायला बसलेय. अण्णा असताना घरात काय कुठं होतं, ते आई शेजारी बसून सांगतेय.

तुमचं कुणी असं पुन्हा दारात आलं, तर तुम्ही आधी काय बोलाल?