कमरेएवढ्या पाण्यातला सूर

घाटंजीच्या आठवडी बाजारात मी भेंडी निवडत उभा असलो तरी कुणीतरी येऊन विचारतंच, "काय मंग, समुंदर सोडला का कायमचा?" मी हो म्हणतो. दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "पण ते फळीवर उभं राहून कराचं काय असते?" आधी आधी मी फोन काढून व्हिडिओ दाखवायचो. लोक पाच-दहा सेकंद बघायचे, लाट उभी राहिली की "बापा!" म्हणायचे, आणि मग एकदा लाटेकडे, एकदा माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायचे. ते बघणं मला सहन होत नाही. आता मी फोन खिशातच ठेवतो आणि भाव विचारून पुढे सरकतो.

मी पुरीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवायचो. सात वर्षं. गेलो होतो हॉटेलच्या काउंटरवर चाव्या द्यायला. त्या हॉटेलामागे एका कोळ्यानं चार जुने बोर्ड घेऊन शाळा काढली होती. एका सुट्टीला त्याच्यासोबत पाण्यात उतरलो आणि पुन्हा काउंटरवर माझं मन काही लागलं नाही. वर्षभरात नोकरी सोडली. आमचे वडील पंचायत समितीत कारकून होते, तेव्हा हयात होते. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "त्याच्यात पेन्शन हाय का?" नाही म्हटल्यावर त्यांनी फोन भावाकडे दिला. भाऊ म्हणाला, "राहू दे. तुले बरं वाटते ना? मंग झालं."

पुरीचा समुद्र दांडगा आहे. तिथली लाट लांबून हळूहळू रांगत येत नाही. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे बांध असतात, दर आठवड्याला जागा बदलतात. लाट त्या बांधाला अडली की जागच्या जागी उभी राहते आणि सगळ्या वजनासकट खाली कोसळते. ती जिथे कोसळते तिथे पाणी कधी छातीएवढं, कधी कमरेएवढं, तर कधी गुडघ्याएवढंच असतं. बुडायची भीती कमी, आपटायची जास्त. म्हणून कुणालाही बोर्डला हात लावू देण्याआधी मी एकच गोष्ट सांगायचो. पडताना आडवं पडा, हात डोक्याभोवती घ्या, आणि काही झालं तरी सूर मारू नका. हिंदीत सांगायचो, तीनदा सांगायचो आणि मग रांगेतल्या एकेकासमोर उभं राहून त्याच्याकडून म्हणवून घ्यायचो. मोठमोठे डॉक्टर-इंजिनियरही शाळेतल्या पोरांसारखं मुकाट म्हणायचे. मला त्याची गंमत वाटायची, थोडा माजही होता.

स्वतःसाठी मी पहाटे पाण्यात जायचो. बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे सारत लाटांच्या पलीकडे जायचं आणि तिथे बसून वाट बघायची. मागून पाणी उचलायला लागलं की छातीखाली कळतं. दोन-तीन जोरात हात मारायचे, उठून उभं राहायचं, आणि मग चार-पाच सेकंद, फार तर सात. तेवढ्यासाठीच सगळं. भाषा नीट येत नव्हती, गणगोत कुणी नव्हतं, तिथेही मी एकटाच होतो. पण ते एकटेपण मला आवडायचं. इथलं आवडत नाही.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई लवकर गेली, वडील ऑफिसात, त्यामुळे कपाशीचं वावर आणि मी, दोन्ही त्याच्याच अंगावर पडलो. पोहायला त्यानंच शिकवलं, वावरातल्या विहिरीत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि मला वरून ढकलून द्यायचा. मी नाकातोंडात पाणी घेऊन बोंबलायचो, तो पायऱ्यांवर बसून म्हणायचा, "काठ चारी बाजूनं हाय ना बे? मंग कायले भेतं?" स्वतः तो विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाच्या ओट्यावरून सूर मारायचा. दोन्ही हात जोडून, अंग सरळ, पाणी फारसं उडायचंही नाही. आजूबाजूच्या वावरातले लोक काम टाकून बघायला यायचे. विहिरीत पाणी पहिल्याच हातापासून खोल असतं. तिथे शिकलेला माणूस तळाचा विचारच करत नाही. तोल गेला की त्याचे हात आपोआप जुळतात आणि डोकं खाली जातं.

हे मला ठाऊक होतं. मलाही ती सवय मोडायला सहा महिने लागले होते.

सात वर्षांत भाऊ एकदाही आला नव्हता. मला बघायला म्हणून तो आलाही नसता; आमच्याकडे माणूस भावाला बघायला एवढ्या लांब जात नाही. पण कपाशीचा शेवटचा वेचा झाला, होळी झाली, आणि वहिनींनी जगन्नाथाच्या दर्शनाचं काढलं. दर्शनाला यायला त्याला कारण लागत नव्हतं. स्टेशनवर मी त्याला बघितलं तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. मी आधी पिशव्याच उचलल्या.

दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना किनाऱ्यावर घेऊन गेलो. भाऊ बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "याले त एकाच बाजूनं काठ हाय." मी दोन लाटा घेऊन दाखवल्या. बाहेर आलो तर तो माझ्या खांद्यावरची वाळू झाडत राहिला. माझ्या गावातल्या एका तरी माणसानं हे डोळ्यानं बघितलं, याचा मला इतका आनंद झाला होता की मीच म्हटलं, "भाऊ, तू करून पाह्यतं का?"

त्या सकाळच्या वर्गाला आठ पाहुणे होते. बेंगळुरूकडचे, नवेकोरे कपडे, महागडे चष्मे, मोठ्यानं हसणारे. भाऊ लांब वहिनींजवळ पॅन्टची घडी करून ठेवत होता. अंगात बनियन आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, नाडी गुडघ्यापर्यंत लोंबलेली. पाहुण्यांतल्या एका बाईनं मला विचारलं, हे आपल्यासोबत आहेत का? मी म्हटलं, "गाँव से आए हैं." भाऊ आहेत, असं मी म्हटलं नाही.

मग नेहमीप्रमाणे मी सांगितलं. तीनदा. मग रांगेतून एकेकाकडून म्हणवून घेत गेलो. शेवटी भाऊ उभा होता. त्याच्यासमोर पोचलो, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे बोर्डांकडे गेलो.

का गेलो, हे मी नंतर स्वतःला खूपदा सांगितलं आहे. ज्यानं मला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं त्याला चार लोकांदेखत पोहण्यातलं कसं शिकवायचं? जीभ उचलली नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की, मी त्याच्यासमोर थांबलो असतो, तर तो आमच्या बोलीत मोठ्यानं काहीतरी बोलला असता, पाहुणे हसले असते आणि तो माझा भाऊ आहे हे उघडं पडलं असतं. मला त्याची लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

तिसऱ्या खेपेला भाऊ बोर्डवर उभा राहिला. फुटलेल्या लाटेच्या फेसावर, वाकून, दात काढून हसत. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मग बोर्ड कलला. मी दहा हातांवर होतो. मला त्याचे हात वर जाताना दिसले, जुळताना दिसले, अंग सरळ झालं. सूर अगदी विहिरीतल्यासारखाच होता. पाणी कमरेएवढं होतं.

वहिनी काठावरून विचारत होत्या, "भाऊजी, ते उठून काहून नाही राह्यले?"

कोळ्यानं आणि मी त्याला मान न हलवता बोर्डवर घातलं आणि बाहेर काढलं. पुढे दवाखाने झाले, दीड महिना मानेला पट्टा झाला. जीव वाचला, चालतो, फिरतो. पण मानेतून उजव्या हाताला जाणारी शीर गेली. हात छातीपर्यंत उचलतो, मूठ मात्र वळत नाही. एका हाताच्या माणसाला कपाशी वेचता येते, तण काढायचे डवरे धरता येत नाहीत, बैल जुंपता येत नाहीत. मी परत आलो. मला कुणी ये म्हटलं नाही, आणि भाऊ तर नकोच म्हणत होता. बोर्ड मी कोळ्याकडे ठेवून आलो. सुरुवातीला त्याचे फोन यायचे, आता सणाला मेसेज येतो.

दोन वर्षं झाली. गावात सगळे म्हणतात, नशीब. भाऊ म्हणतो, "माहीच चुकी. म्हाताऱ्यानं उड्या मारू नये." तो असं म्हणाला की मी उठून दुसरीकडे जातो. मला त्याला सांगायचं होतं. दोन वर्षं रोज सांगायचं होतं, दोन्ही अर्धी. हे न सांगता मी त्याच्या ताटाशेजारी जेवतो याची मला किळस यायला लागली होती. पण घरी वहिनी असायच्या, वावरात मजूर असायचे, आणि कुणी नसलं की माझंच धाडस नसायचं. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. ज्याच्याशी बोलावं असा एकच माणूस होता आणि त्याच्याशीच हे बोलायचं होतं.

यंदा श्रावणात कपाशीत डवरणी चालू होती. मजूर नव्हते, मीच बैल घेऊन होतो आणि भाऊ वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून हुकूम सोडत होता. "डावा वढून राह्यला, त्याले दाब. दाब ना बे! पराटी उपटतं का?" दुपारी बैल सोडले, बाभळीखाली बसलो. त्यानं डाव्या हातानं भाकर मोडली. मी सवयीनं फोन काढून तिथल्या लाटांचा अंदाज बघितला. रोज बघतो. उपयोग काही नाही.

"काय पाह्यतं?" त्यानं विचारलं.

"तिथल्या लाटा."

"मोठ्या हायेत का आज?"

"हाव."

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "जावसं वाटते का तुले?" आणि त्याचं उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, मी तुले सांगतलंच नव्हतं. सूर माराचा नसते म्हणून. साऱ्यायले सांगतलं, तुले नाही."

पुढचं अर्धं जिभेवर तयार होतं.

भाऊ म्हणाला, "मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"मी आयकलं ना. तीनदा सांगतलं तू. मले हिंदी समजत नाही काय?"

"मंग काहून मारला?"

"मले वाटलं, ज्याईले पोहता येत नाही त्याईच्यासाठी हाय ते." त्यानं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. "तू एकेकाजवळ थांबे, त्याच्याकडून बोलवून घे. एवढे मोठे लोक, तुह्यासमोर मुकाट बोलत. मले वाटलं, आता माह्याजवळबी थांबते. तू आला, पाह्यलं, अन् पुढं गेला. लय बरं वाटलं मले. एवढ्या लोकाईत यानं मले मानलं." तो हसला. "दवाखान्यात पडलो होतो ना, तवाबी तेच आठवे. कोणी इचारलं त सांगतो मी, माहा भाऊ साऱ्या दुनियेले शिकवते, पण मले शिकवाले काही त्याची जीभ उचलली नाही."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. समोर पराटीच्या ओळी होत्या, माझ्या डवरणीनं दोन ठिकाणी वाकड्या झालेल्या. त्यानं डाव्या हातानं माझा गुडघा हलवला.

"मानलंच होतं ना?"

"मानलं होतं," मी म्हटलं, आणि उठून बैल जुंपले.