कुसुमचे न आलेले पत्र

श्रीरामाच्या कृपेची सावली आपणा सर्वांवर असो, अशी प्रार्थना करून आजची हकिकत आपल्या भजनमंडळाच्या फलकावर लिहितो.

माझी कन्या कुसुम हिने दोन महिन्यांपूर्वी विक्रोळीच्या एका कारखान्यात टंकलेखिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. "आठ दिवसांत कळवू," असे साहेब म्हणाले. त्याच सुमारास मुलुंडच्या एका शाळेने तिला शिक्षिकेची जागा देऊ केली. समोरच्याने शब्द दिला असता आपण दुसरे दार शोधू नये, ही माझी समजूत. मी त्याच दिवशी तिच्याकडून शाळेला नकार लिहवून घेतला.

कारखान्याचे पत्र आलेच नाही. आज सकाळी मी स्वतः तेथे गेलो. कारकून हसून म्हणाला, "अहो आजोबा, ती जागा केव्हाच भरली! ज्यांना घेत नाही त्यांना कुठं पत्रं धाडत बसायचं?"

घरी आलो तेव्हा कुसुम तांदूळ निवडत होती. मी सांगू लागताच म्हणाली, "ठाऊक आहे मला, अप्पा. गेल्या महिन्यातच जाऊन विचारून आले."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही रोज त्या पत्रासाठी देवापुढे बसत होता. कसं सांगू?"

शाळेची जागाही आता गेली. साहेबांना दोष देऊन माझा भार हलका होत नाही. मंडळींनो, बापाने मुलीची क्षमा कशी मागावी, हे कोणी सांगाल काय?

हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण होवो. वाट पाहणाऱ्या प्रत्येक घरी देव वेळेवर उत्तर धाडो, मग ते नकाराचे का असेना.