मंत्र्यांना विचारलेली खुशाली

मंडळी, आज दुपारी इतवारीत गेले होते. कामगार आमच्या जुन्या गल्लीतला सरकारी नळ उपटून काढत होते. मी तिथंच थबकले.

सत्तरच्या दशकात तो नळ आला शेजारच्या सुभद्राकाकूंमुळे. काकू एकट्याच राहायच्या, त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या सांगायच्या आणि मी, तेव्हाची नवी सून, मंत्र्यांना नळासाठी पत्र लिहायचे. एकदा उत्तर आलं, "पत्र मिळाले, चौकशी करतो." काकूंच्या नावानं आलेलं ते पहिलंच टपाल. त्यांनी ते माझ्याकडून कितीदा तरी वाचून घेतलं.

पुढं नळ आला. मला वाटलं, पत्रं संपली. पण काकूंनी पुन्हा हाक मारली.

"लिही वं, नळ आला. तुमची तब्येत कशी हाय?"

"काकू, मंत्र्याले असं कोनी इचारते का?"

"त्यानं मले उत्तर देल्लं. मले दुसरं कोन लिहिते?"

मी लिहिलं. त्याचं उत्तर काही आलं नाही. काकू मात्र पोस्टमनच्या वेळेला दारात बसत राहिल्या.

आज घरी आल्यावर हे कोणाला सांगावं, सुचेना. घरात मी एकटीच असते. म्हणून इथं लिहिलं. वाचलंत, तर दोन शब्द लिहाल?